विकायला काढलेला डोंगा : जुन्या लाकडी नावेचं पुढे काय होतं?

(गोंदिया येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तेवढा तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन शेवटी घेतले आहेत.)



आजचा विषय मी कळवला तेव्हा एकजण मला म्हणाले, "अहो, गोंदियात नावेवर व्याख्यान? इथे समुद्र कुठे आहे?" त्यांचं म्हणणं खरं आहे. इथून मुंबईचा समुद्र म्हणजे रेल्वेने जवळपास हजार किलोमीटर. पण समुद्र नसला तरी पाणी आहे ना! आपला जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण 'तलावांचा जिल्हा' ही ओळख दोघांनी वाटून घेतली. नवेगावबांध आहे, इटियाडोह आहे, गावोगावचे माजी मालगुजारी तलाव आहेत, लहान बोड्या आहेत. उत्तरेला बाघ आणि वैनगंगा आहे. जिथे इतकं पाणी, तिथे नाव असणारच. आपल्याकडे तिला डोंगा म्हणतात.

मी आज ज्या डोंग्याबद्दल बोलणार आहे तो मला अर्जुनी मोरगावकडच्या एका तलावाच्या पाळीवर दिसला. मार्च संपत आला होता. पाणी मागे सरकलेलं, आणि डोंगा काठावर उपडा घातलेला. एका टोकाला पत्र्याचं ठिगळ, त्यावर डांबर. शेजारी एक वयस्कर ढिवर काका जाळं विणत बसले होते. मी सहज विचारलं, "काका, तुमचा का हा?" ते म्हणाले, "माझाच. इकाचा आहे जी. पन आता कोन घेते?"

मी विचारलं, काय भाव लावलाय? ते हसले. म्हणाले, लाकडाच्या भावाने नेतो म्हणणारा एकजण येऊन गेला. लाकडाच्या म्हणजे जळाऊ लाकडाच्या. त्यांचे गुडघे दुखत होते, मुलगा कामासाठी बाहेरगावी होता, आणि मच्छीमार संस्थेतल्या बाकीच्यांकडे आता हलक्या नावा आल्या होत्या. त्यांना डोंगा फुंकून टाकायचा नव्हता, पण ठेवूनही उपयोग नव्हता. त्यांनी मला विचारलं, "तुमीच सांगा, याचं काय करू?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे, असं समजा.

डोंगा म्हणजे काय

आधी वस्तू समजून घेऊ. लाकडी नावा ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक, झाडाचा अख्खा बुंधा कोरून केलेली. दुसरी, आतल्या सांगाड्यावर फळ्या ठोकून किंवा शिवून केलेली. आपला जुना डोंगा पहिल्या जातीचा. त्याला सांधा नाही, शीड नाही. बांबूने रेटायचा किंवा वल्ह्याने मारायचा.

संस्कृतात 'द्रोणी' या शब्दाचा अर्थ लाकडी कुंड असाही होतो आणि नाव असाही होतो. गुरांना पाणी पाजायची डोणी आणि पळसाच्या पानाचा द्रोण हे शब्द त्याच कुळातले. पोकळ केलेली, काहीतरी धरून ठेवणारी वस्तू, ही त्यामागची कल्पना. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला याच डोणीकडे परत यायचं आहे.

ही नावेची फार जुनी जात आहे, बरं का. नेदरलँड्समध्ये १९५५ साली महामार्गाचं काम चालू असताना पेसे नावाच्या गावाजवळ दलदलीत एक कोरलेली नाव सापडली. पाइनच्या एका ओंडक्याची. तिचं वय सुमारे दहा हजार वर्षं निघालं. आज सापडलेल्या नावांमध्ये ती सर्वांत जुनी मानतात. म्हणजे तलावाच्या पाळीवर उपडा पडलेला तो डोंगा माणसाच्या सर्वांत जुन्या वाहनांपैकी एकाचा वंशज होता.

लाकूड म्हातारं कसं होतं

आता कोणाच्याही मनात येईल की तिथे दहा हजार वर्षं टिकली, मग आपला डोंगा तीस-चाळीस वर्षांत का संपतो?

लाकूड कुजतं म्हणजे बुरशी ते खाते. बुरशीला चार गोष्टी लागतात: अन्न, ओल, हवा आणि ऊब. अन्न म्हणजे लाकूडच. उरलेल्या तिघांपैकी एक काढून घ्या, कुजणं थांबतं. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली ठेवली तर बुरशी वाढत नाही. म्हणून घराचं आढं शंभर वर्षं राहतं. उलट लाकूड पूर्ण बुडवून ठेवलं की त्याला हवा मिळत नाही, तरीही ते टिकतं. आपल्या लोकांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालायचे ते काय उगाच? पेसेची नावही अशीच, हवा न पोहोचणाऱ्या चिखलात दबलेली होती.

नाव मात्र या दोन्हींच्या मध्ये जगते. अर्धी पाण्यात, अर्धी हवेत. आज ओली, उद्या कोरडी. त्यामुळे ती पाण्याच्या रेषेपाशी आणि त्याच्या वर आधी कुजते. यात सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे नावेच्या आत साचलेलं पावसाचं पाणी. बाहेरचं पाणी नाव वाहून नेतं, आतलं पाणी नाव खातं.

दुसरा शत्रू आपल्याकडचं ऊन. विदर्भाच्या मे महिन्यात ओंडक्याची टोकं तडकतात, कारण लाकडाची ओल टोकांकडून सगळ्यांत लवकर उडते. त्यावर जुना उपाय म्हणजे नाव वापरात नसेल तेव्हा सावलीत ठेवायची, नाहीतर सरळ उथळ पाण्यात बुडवून ठेवायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, नाव बुडाली, टाकून दिली. खरं तर मालकाने तिला उन्हापासून लपवलेली असते.

एकूण काय, की लाकडाला ठरलेलं वय नसतं. त्याची देखभाल करणारा हात जितकी वर्षं आहे, तितकी वर्षं ते जगतं. हा आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा आहे.

समुद्रावरची गोष्ट

आता हीच गोष्ट शिडाच्या नावेच्या बाबतीत बघू, म्हणजे फळ्यांच्या नावेची अडचण कळेल. त्यासाठी आपण कोकणात जाऊ.

तिथे मचवे, पडाव, गलबतं. शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ ही सगळी भाषा तिथली. फळ्यांच्या नावेत शेकडो सांधे असतात, आणि प्रत्येक सांधा म्हणजे पाणी शिरण्याची जागा. नाव बरेच दिवस कोरडी राहिली की फळ्या आकसतात. मग पाण्यात उतरवल्यावर ती आधी गळते, आणि लाकूड फुगलं की सांधे आपोआप बसतात. नवखा गिऱ्हाईक ती गळती पाहून घाबरतो, जाणता माणूस वाट पाहतो. शिवाय खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणाऱ्या किडी असतात. आपल्या गोड्या पाण्यात तो त्रास नाही.

म्हणून कोकणात वर्षाचं चक्रच ठरलेलं. पावसाळा आला की नाव वर ओढायची, झावळ्यांनी झाकायची, सांधे नव्याने भरायचे, तेल-रंग द्यायचा, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यावर. नारळी पौर्णिमा हा सण आहेच, पण त्यामागे दोन महिन्यांची दुरुस्तीही आहे. ज्या वर्षी ती होत नाही, त्या वर्षापासून नाव मरायला लागते. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत इंजिनं आली, शिडं उतरली, नंतर फायबरच्या होड्या आल्या. फायबरच्या होडीला हे सगळं लागत नाही. त्यामुळे लाकडी नाव विकायला निघते ती बहुतेक वेळा खराब झाली म्हणून निघत नाही. तिच्यामागचा हात मोकळा नसतो, म्हणून निघते.

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना हे तलावांवरून लगेच कळेल. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण दरवर्षी गाळ कोण काढणार, पाळ कोण बांधणार, हा प्रश्न अधांतरी राहिला आणि कितीतरी तलाव गाळाने भरले. पाळ तीच होती, पाऊसही तोच होता, फक्त हात बदलला होता.

भंगारातून जगाच्या फेरीला

अशा नावेचं विक्रीनंतर काय होतं? मला जगात दोन गोष्टी फार बोलक्या वाटतात.

पहिली जोशुआ स्लोकम या कप्तानाची. आयुष्यभर मोठी शिडाची जहाजं चालवलेला माणूस. आगबोटी आल्या आणि त्याचा धंदाच संपला. १८९२ साली, पन्नाशीच्या जवळ आलेला असताना, तो अमेरिकेत बॉस्टनला बेकार होता. एका ओळखीच्या कप्तानाने त्याला सांगितलं, माझ्याकडे एक नाव आहे, थोडी दुरुस्ती लागेल, घेऊन जा. स्लोकम फेअरहेवन गावी गेला, तर नाव पाण्यापासून दूर एका शेतात, टेकू देऊन, कापडाखाली ठेवलेली. नाव 'स्प्रे'. जेमतेम ३७ फूट लांब. त्याची थट्टाच केली होती म्हणा ना! हातात हत्यारं घेऊन आलेला हा माणूस नाव मोडायला आलाय, असंच गावकऱ्यांना वाटलं.

त्याने मोडली नाही. जवळपासचं ओकचं झाड तोडून नवा कणा केला, फासळ्या बदलल्या, फळ्या बदलल्या. तेरा महिने लागले. सामानाचा खर्च त्याने लिहून ठेवलाय: ५५३ डॉलर ६२ सेंट. मग एप्रिल १८९५ मध्ये तो बॉस्टनहून एकटा निघाला आणि जून १८९८ मध्ये पृथ्वीला फेरी मारून परत आला. एकट्याने जगाची समुद्रफेरी करणारा पहिला माणूस तो, आणि नाव शेतात सडत पडलेली.

इथे लोक विचारतात, सगळ्या फळ्या बदलल्या तर नाव तीच कशी? मी म्हणतो, आकार तोच राहिला, आणि तो आकार जुन्या नावेने शिकवला. एक फासळी काढायची, तिच्या मापाची नवी बसवायची. जुनी नाव समोर नसती तर नवी झाली नसती.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ब्रिटिश नौदलासाठी सागवानाचं एक शिडाचं लढाऊ जहाज बांधलं. नाव 'ट्रिंकोमाली'. हे लहान नव्हे, मोठं जहाज. पण त्याचं नशीब आपल्या विषयाचं आहे. १८९७ साली ते भंगारात विकलं गेलं. ते तोडण्याआधीच व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थाने विकत घेतलं, कारण त्यांना मुलांना दर्यावर्दीपण शिकवायला जहाज हवं होतं. पुढे १९८६ पर्यंत ते त्याच कामात राहिलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभं आहे. सागवान उत्तम होतं हे खरं. पण त्याच गोदीतली सागवानाची इतर जहाजं गेली. हे राहिलं, कारण कोणाला तरी त्याचा उपयोग सापडला आणि उपयोगाबरोबर देखभाल आली.

आता उलट बाजू. ग्रीसमध्ये समुद्रातली मासेमारी कमी करायची म्हणून युरोपीय संघाच्या धोरणानुसार मच्छीमारांना परवाना परत करण्याबद्दल पैसे दिले गेले, आणि अट अशी की नाव नष्ट करायची. हजारो पारंपरिक लाकडी नावा यंत्रांनी चिरडल्या गेल्या. मासे वाचवण्याचा हेतू चांगला होता, मच्छीमारांना पैशांची गरजही होती. पण त्यांच्याबरोबर नावा बांधणाऱ्या सुतारांचं कामही संपलं. आपल्याकडेही २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना नवी नाव घ्यायला मदत धरलेली आहे. ती मिळावीच. फक्त नवी नाव देताना जुनीचं काय करायचं, हा प्रश्न आपण विचारलेला बरा.

विकणाऱ्यासमोरच्या वाटा

आता तलावाच्या पाळीवर परत येऊ. काकांसमोर काय काय वाटा होत्या?

एक, चालवणाऱ्याला विकणं. ही सगळ्यांत चांगली वाट, पण खोटं न बोलता. जुनी नाव तपासायला मोठं यंत्र लागत नाही. टोकदार टोच्याने आतून तळ, टोकं आणि पाण्याची रेषा टोचून बघायची. चांगलं लाकूड टोच्याला अडवतं, कुजलेलं आत घेतं. लाकडी हातोड्याने ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं असेल तर गंज आत गेलाय. आणि ठिगळाखाली काय आहे ते ठिगळ काढल्याशिवाय कळत नाही. दुरुस्तीचा खर्च नावेच्या उरलेल्या उपयोगापेक्षा कमी असेल तरच ती घ्यावी.

दोन, लाकडासाठी विकणं. यात लाज काही नाही. गरज असेल तर माणूस विकणारच. पण हे परत न फिरणारं पाऊल आहे, हे कळून करावं. एवढ्या घेराचं झाड आज मिळणं कठीण, तोडायला परवानगी मिळणं त्याहून कठीण, आणि ते योग्यच आहे. म्हणजे हा डोंगा जळला तर त्याच्या जागी दुसरा कोरला जाणार नाही.

तीन, शोभेसाठी. आजकाल हॉटेलांच्या दारात जुन्या नावा दिसतात.

चार, संग्रहालय. ऐकायला छान वाटतं, पण जागा किती आणि नावा किती! गुजरातेत लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतंय. तिथेही देशातला प्रत्येक डोंगा ठेवता येणार नाही. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक नावांसाठी एक राष्ट्रीय संस्था आहे, आणि तिने तर नाव पद्धतशीर मोडायची कशी यावरही मार्गदर्शक पुस्तक काढलं आहे. मोडताना प्रत्येक सांध्याची नोंद करा, असं त्यात सांगितलंय. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. प्रत्येक नाव वाचत नाही, पण प्रत्येक नावेकडून काही शिकून घेता येतं.

पाच, काहीच न करणं. पाळीवर पडून राहू देणं. सगळ्यांत जास्त नावा याच वाटेने जातात.

मापाचं मोल

'नोंद करा' म्हटलं की लोकांना ते कोरडं काम वाटतं. म्हणून एक ताजी गोष्ट सांगतो. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातलं शिडाच्या जहाजाचं एक चित्र आहे. भारतीय नौदलाने त्या चित्रावरून फळ्या दोरीने शिवलेलं एक जहाज बांधवून घेतलं. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली ते गोव्यात तयार झालं, आणि मे २०२५ मध्ये कारवारला 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या नावाने नौदलात आलं. त्यात अडचण काय होती? चित्र होतं, पण माप नव्हतं. आराखडा नव्हता. तळ किती रुंद, शीड किती वजन पेलेल, हे सगळं अंदाज, गणित आणि चाचण्या करून ठरवावं लागलं. आयआयटी मद्रासची मदत घ्यावी लागली. दीड हजार वर्षांपूर्वी कोणी दोरी धरून मापं टिपली असती आणि ती टिकली असती, तर केवढं काम वाचलं असतं!

आणि शंभर वर्षांपूर्वी एकाने असं काम केलंही. मद्रासच्या मत्स्य खात्यातले जेम्स हॉर्नेल यांनी भारतातल्या देशी नावांवर १९२० साली एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. ओंडक्याच्या नावा, टोपलीसारख्या नावा, बांधलेले तराफे, सगळ्यांचं वर्णन. त्यातल्या कितीतरी नावा आज पाण्यावर नाहीत, कागदावर आहेत.

आपल्याच जिल्ह्यात मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिले. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्यांनी पक्षी पाहिले तसे शब्दही गोळा केले, ढिवरांकडून, गोंडांकडून. डोंग्याबरोबर त्याचे शब्दही जातात. टोकाला काय म्हणतात, रेटण्याच्या बांबूला काय म्हणतात, वारा कोणत्या दिशेचा असला की डोंगा घालायचा नाही. विकणारा माणूस हे सगळं पावतीवर लिहून देत नाही.

माप घेणं अवघड नाही. नावेच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणायची. दोरीवर दर फुटाला खूण करायची. प्रत्येक खुणेपाशी तीन मापं: आतली रुंदी, वरून तळापर्यंतची खोली, आणि लाकडाची जाडी. वहीत तक्ता करायचा. चारही बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. मालकाला विचारायचं, लाकूड कोणतं, कोरली कोणी, ठिगळ कधी लावलं. दोन माणसं आणि एक दुपार, बस.

मी त्या तलावावर पुन्हा गेलो तेव्हा दोरी आणि वही घेऊन गेलो. माप घेताना काकाच मला चुका दाखवत होते. "इथं नाही जी, इथं तो जाड आहे, मुद्दाम ठेवला आहे." त्या जागी पाय रोवून उभं राहायचं असतं, म्हणून कोरणाऱ्याने तळ तिथे जाड सोडला होता. मी चार वेळा डोंगा पाहिला होता आणि हे मला दिसलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा डोंगा पाळीवर नव्हता. मला वाटलं, गेला चुलीत. काकांनी हात धरून घरामागे नेलं. तडकलेलं टोक कापून टाकलं होतं, आणि उरलेल्या धडाची गुरांना पाणी प्यायची डोणी केली होती. दोन बैल त्यातून पाणी पीत होते. काका म्हणाले, "पानी बाहेर होतं, आता आत आहे."

तर नाव वाचली की गेली? माझं उत्तर असं: तरंगणारा डोंगा गेला. लाकूड कामात राहिलं, पाणी रोज भरलेलं असतं त्यामुळे तडकणार नाही, आणि आकार वहीत राहिला. उद्या कोणाला तसाच डोंगा करायचा असेल, फळ्यांचा का होईना, तर तो करता येईल. सगळं वाचवता येत नाही, पण विकण्याआधीच्या त्या एका दुपारी बरंच वाचतं.

तुमच्या गावच्या तलावावर असा उपडा डोंगा असेल, तर येत्या उन्हाळ्यात दोरी घेऊन जा. एवढंच माझं मागणं आहे.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : जुन्या डोंग्यावर फायबरचा थर दिला तर तो टिकेल का?

उत्तर : लाकूड पूर्ण कोरडं आणि निरोगी असेल तर काही काळ टिकेल. पण बहुतेक जुन्या नावांचं लाकूड तसं नसतं. ओल्या लाकडावर थर दिला की ओल आत कोंडते आणि बुरशीला घर मिळतं. शिवाय लाकूड फुगतं-आकसतं, थर तसा हलत नाही, त्यामुळे तो सुटतो. वरून चकचकीत आणि आतून भुसा, असं होतं. विकत घेताना तर फायबर चढवलेल्या जुन्या नावेची दुप्पट तपासणी करा.

प्रश्न : हॉटेलवाल्याला शोभेसाठी विकली तर तुमचा आक्षेप आहे का?

उत्तर : अजिबात नाही. जळण्यापेक्षा बरं, आणि मालकाला भावही जरा बरा मिळतो. दोन गोष्टी सांगून विका. तिच्यात माती भरून फुलझाडं लावू नका, कारण ओली माती, हवा आणि ऊब म्हणजे बुरशीची मेजवानीच. काही वर्षांत तळ गळून पडतो. आणि उघड्यावर ठेवायची तर उपडी ठेवा किंवा वर छप्पर घाला. शिवाय शेजारी एक पाटी लावा: कोणत्या तलावावरची, काय काम करायची. नाव विकली तरी तिचं गाव विकू नका.

प्रश्न : तुम्ही जुन्या नावांबद्दल आपुलकीने बोललात. पण नाव उलटून माणसं बुडतात, त्याचं काय?

उत्तर : चांगला प्रश्न. ओंडक्याचा डोंगा अरुंद असतो, सवय नसलेला माणूस उभा राहिला की कलंडतो. म्हातारा डोंगा माणसं वाहायला कधीही विकू नये, हे मी स्पष्ट सांगतो. बाघ नदीवर, वैनगंगेवर पूल झाले ते चांगलंच झालं. शाळेच्या पोरांनी पुरात डोंग्यातून जावं असं कोणीच म्हणणार नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिन नसलेल्या नावांचाही विचार केला आहे, त्यांची स्थानिक पातळीवर नोंद व्हावी असं धरलं आहे. ती नोंद झाली तर सुरक्षिततेला मदत होईल, आणि कोणत्या तलावावर किती लाकडी नावा उरल्या हेही कळेल. नाव जपायची म्हणजे ती धोक्यात चालवत राहायची असं नाही. कधी थांबवायची हे कळणं, हाही जपण्याचाच भाग आहे.